शकुंतला पुन्हा धावेल का? मिरज–कुर्डुवाडी मार्गाच्या अनुभवावरून काही प्रश्न

अग्रणीकाठ

मी मूळचा कवठेमहांकाळचा. नोकरीनिमित्त सहा वर्षे कारंजा लाड येथे राहून गेल्या वर्षी सांगलीला परतलो. मी कारंजाला गेलो तेव्हा मूर्तिजापूर–यवतमाळ गाडी बंद झालेली होती. तरीही लोक ‘शकुंतला’ हे नाव घरातल्या माणसाचे घ्यावे तसे घेत. मी रोज सकाळी स्टेशनाच्या बाजूला फिरायला जात असे. दोन रुळांच्या मध्ये उगवलेल्या बाभळींची खोडे मनगटाएवढी जाड झाली होती, रूळ धरून ठेवणारे खिळे हाताने हलत, आणि हंगामात फलाटावर कोणीतरी तूर वाळत घातलेली असे. रूळ जेमतेम चार बोटांहून थोडा उंच. लहानपणी ढालगाव आणि जत रोडच्या बाजूला पाहिलेला आपल्या ‘बार्शी लाइट’चा, म्हणजे मिरज–कुर्डुवाडी नॅरोगेजचा, रूळ असाच होता, म्हणून तो मला परका वाटला नाही.

ज्यांना या मार्गाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मूर्तिजापूर हे मुंबई–नागपूर मुख्य मार्गावरचे जंक्शन आहे. तेथून दक्षिणेला कारंजा, दारव्हा करत यवतमाळपर्यंत सुमारे 113 किलोमीटर आणि उत्तरेला दर्यापूर, अंजनगाव करत अचलपूरपर्यंत सुमारे 76 किलोमीटर असे दोन नॅरोगेज फाटे विसाव्या शतकाच्या आरंभी टाकले गेले. ते वऱ्हाडचा कापूस मुख्य मार्गावर आणून मुंबईच्या बंदरापर्यंत पोहोचवण्यासाठी होते. 1921 साली मँचेस्टरला बनलेले वाफेचे इंजिन या मार्गावर 1994 पर्यंत चालले आणि त्यानंतर डिझेल इंजिन आले. 2020 पर्यंत दोन्ही फाट्यांवरच्या गाड्या टप्प्याटप्प्याने थांबल्या.

माझा प्रश्न असा आहे की आपल्याकडचा मिरज–पंढरपूर–कुर्डुवाडी–लातूर मार्गही अडीच फुटी नॅरोगेजच होता, तोही एका खासगी कंपनीनेच बांधला होता, आणि तो आज ब्रॉडगेज होऊन जिवंत आहे. मग जे आपल्याकडे घडले ते तेथे का घडले नाही, आणि आता घडण्याची कितपत शक्यता आहे? या मार्गावर ज्यांनी काम केले आहे किंवा प्रवास केला आहे त्यांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

जुना यार्डवाला

मिरज यार्डात माझी सारी नोकरी झाली, म्हणून लिहितो. 1971 साली पुण्याकडून ब्रॉडगेज मिरजेला आले, लोंढ्याकडचे मीटरगेज नव्वदच्या दशकापर्यंत राहिले आणि कुर्डुवाडीचे नॅरोगेज त्याच्याही पुढे काही वर्षे चालले. म्हणजे कित्येक वर्षे एकाच स्थानकात तीन मापांचे रूळ होते. बाहेरच्या माणसाला याचे कौतुक वाटे. यार्डातल्या माणसाला मात्र यातली खरी अडचण ठाऊक होती, आणि ती म्हणजे माल एका वाघिणीतून, म्हणजे मालडब्यातून, दुसऱ्या वाघिणीत हलवणे.

नॅरोगेजची वाघीण एका बाजूला, मोठ्या मापाची दुसऱ्या बाजूला आणि मध्ये फळी टाकलेली असे. त्या फळीवरून हमाल पाठीवर पोते घेऊन जात. पोत्याला हुक लागला की धान्य सांडे, गुळाच्या ढेपेचा कोपरा फुटे, आणि पावसाळ्यात ताडपत्री पुरत नसे. पन्नास-साठ मैलांवरून आलेल्या मालाला जंक्शनवर एक दिवस थांबावे लागत असेल आणि दोनदा हमाली भरावी लागत असेल, तर व्यापारी ट्रकच शोधणार. साठच्या दशकानंतर रस्ते सुधारत गेले तसा लहान फाट्यांवरचा माल असाच निघून गेला. शकुंतलेचे आणि आपले दुखणे या बाबतीत एकच होते.

फरक पडला तो मालकीचा. बार्शी लाइट रेल्वे एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने उभी केली. 1897 साली बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी हा पहिला तुकडा सुरू झाला, 1906 साली गाडी पंढरपूरला आली, 1911 साली लातूरला आणि 1927 साली मिरजेला. एकूण लांबी 202 मैल. ही कंपनी 1954 साली सरकारने विकत घेतली आणि मार्ग पूर्णपणे रेल्वेचा झाला. शकुंतलेच्या बाबतीत तसे घडले नाही. किलिक निक्सन या संस्थेशी संबंधित सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीकडे मालकी राहिली, गाड्या मात्र रेल्वे चालवत असे आणि करारानुसार कंपनीला रक्कम देत असे. आपल्या मालकीच्या नसलेल्या रुळांवर मोठा खर्च करायला कोणते खाते तयार होईल? देखभाल कमी झाल्यावर वेग कमी झाला, वेग कमी झाल्यावर प्रवासी एसटीकडे वळले, आणि प्रवासी नाहीत म्हणून देखभाल आणखी कमी झाली.

1992 साली देशभर एकच माप करण्याचे धोरण आले तेव्हा आपला मार्ग त्यात बसू शकला, कारण त्याची मालकी निर्विवाद होती. माझ्या मते पुनरुज्जीवनाचा विचार करताना रुळांच्या आधी कागदपत्रे तपासावीत.

अग्रणीकाठ

काका, मालकीचा मुद्दा इतक्या स्पष्टपणे प्रथमच कळला. कारंजाला लोक नेहमी ‘अजून इंग्रजांचीच गाडी आहे’ असे म्हणत. ते शब्दशः बरोबर नसले तरी त्या म्हणण्याचे मूळ कोठे आहे हे आता लक्षात येते.

माणगंगा

मिरज–कुर्डुवाडी मार्ग जिवंत राहिला याचे कारण माप बदलणे एवढेच आहे, असे मला वाटत नाही. तो आता फाटा राहिलेला नाही, हे त्याचे खरे कारण आहे. पूर्वी मिरजेहून निघालेली छोटी गाडी लातूरला संपत असे आणि पुढे जाणाऱ्याला उतरावे लागे. आज कोल्हापूरहून नागपूरला आणि धनबादला जाणाऱ्या गाड्या याच मार्गाने पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर करत जातात. दोन्ही टोकांना मोठ्या मार्गांची जोड मिळाली आणि मधला तुकडा आपोआप उपयोगाचा झाला.

याचा सर्वांत मोठा पुरावा आपण सर्वांनी 2016 च्या उन्हाळ्यात पाहिला. लातूरची धरणे आटली होती. तेव्हा मिरजेत कृष्णेचे पाणी टाकीवजा वाघिणींमध्ये भरून गाडी लातूरला पाठवली गेली. पहिली गाडी दहा वाघिणींची होती, तिच्यात सुमारे 5 लाख लिटर पाणी होते आणि 12 एप्रिलच्या पहाटे ती लातूरला पोहोचली. नंतर 50 वाघिणींची गाडी सुरू झाली, म्हणजे एका फेरीत सुमारे 25 लाख लिटर. अंतर 342 किलोमीटर. मिरजेला रेल्वेच्या हैदरखान विहिरीपासून स्थानकापर्यंत जलवाहिनी टाकण्याचे काम रात्रंदिवस चालू होते, ते मी स्वतः जाऊन पाहिले आहे. बार्शी लाइटच्या रुळांना एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार चालत नसे, तर ब्रॉडगेजच्या भरलेल्या वाघिणीचा आसभार वीस टनांच्या वर जातो. जुना मार्ग ‘वारसा’ म्हणून तसाच जपला असता तर लातूरला ते पाणी रेल्वेने कधीच पोहोचले नसते.

म्हणून शकुंतलेबद्दल माझे मत असे आहे की तिला होती तशी पुन्हा सुरू करण्याचा आग्रह धरू नये. तिच्या जागेवरून कोणता मोठा मार्ग जाऊ शकेल, हे पाहावे.

फलटण संस्थान

माणगंगा यांच्या मुद्द्याला आमच्या सातारा जिल्ह्यातून दुजोरा देतो. लोणंद–फलटण हा 26 किलोमीटरचा तुकडा मंजुरीनंतर वीस वर्षांहून अधिक काळ रखडला आणि 30 मार्च 2021 रोजी त्यावर प्रवासी गाडी सुरू झाली. त्या दिवशी स्टेशनवर झालेली गर्दी मी विसरणार नाही. परंतु जोपर्यंत गाडी फलटणला येऊन थांबते तोपर्यंत बहुतेक लोकांना पुण्यासाठी एसटीच सोयीची वाटते. बारामतीपर्यंतचे काम पूर्ण होऊन दौंडकडे वाट मोकळी झाली की याच 26 किलोमीटरला वेगळा अर्थ येईल. एका टोकाला बंद असलेला मार्ग म्हणजे बोळ. बोळात कितीही चांगली फरसबंदी केली तरी त्यातून मोठी रहदारी जात नाही.

ढालगावची शिक्षिका

वरील सर्व चर्चा मालवाहतूक आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांविषयी आहे. मला एक वेगळी बाजू मांडायची आहे, आणि ती मांडताना थोडा त्रास होतो, कारण मार्ग ब्रॉडगेज झाल्याचा आनंद मलाही झाला होता.

नॅरोगेज गाडी हळू होती, पण ती आमची होती. आरग, बेळंकी, सलगरे, लंगरपेठ अशा प्रत्येक ठिकाणी ती थांबे, मिरजेच्या दवाखान्यात निघालेली म्हातारी माणसे, दुधाच्या किटल्या आणि शाळेची मुले घेई. आज आमच्या स्टेशनवरून लांबच्या गाड्या शिट्टी वाजवत निघून जातात. थांबणाऱ्या मोजक्या गाड्यांची वेळ शाळेला किंवा दवाखान्याला जुळेलच असे नाही. करोनाच्या काळात पॅसेंजर गाड्या बंद झाल्या आणि पुन्हा सुरू झाल्या तेव्हा त्यांना एक्स्प्रेसचे भाडे लागले. दहा रुपयांच्या किमान तिकिटाला तीस रुपये मोजावे लागत होते आणि ते फेब्रुवारी 2024 मध्ये पूर्ववत झाले. मधल्या चार वर्षांत माझ्या वर्गातल्या मुलांच्या पालकांनी वडापची, म्हणजे खासगी जीपची, सवय लावून घेतली. सवय मोडली की ती परत लागत नाही. गाडीच्या वेळेबद्दल गावाने दोनदा निवेदन दिले. उत्तर एकदाच आले, आणि त्यात योग्य ठिकाणी पाठवल्याचे कळवले होते.

तेव्हा कारंजा आणि अंजनगावच्या लोकांनी मागणी करताना केवळ ‘ब्रॉडगेज करा’ एवढेच म्हणू नये. कोणत्या गावी थांबा, सकाळी किती वाजता आणि संध्याकाळी किती वाजता, हेही मागणीत लिहून द्यावे.

जुना यार्डवाला

ताई, आपण लिहिले ते अगदी खरे आहे. एकेरी मार्गावर लांब पल्ल्याच्या गाड्या वाढल्या की क्रॉसिंगसाठी लहान गाडीलाच बाजूला थांबवले जाते. जेथे लूप लाइन, म्हणजे गाडी बाजूला घेण्याचा जोडरूळ, नाही तेथे तर थांबाच टाळण्याकडे कल असतो. नव्या आराखड्यात कोणत्या स्थानकावर किती लूप आहेत हे पाहिले की पुढच्या तीस वर्षांत तेथे लोकल गाडी नीट चालेल की नाही हे सांगता येते. ही मागणी बांधकामापूर्वीच करावी लागते, नंतर करून फार उपयोग होत नाही.

हिशेबी

मी विरोधी मत मांडतो, त्याचा राग मानू नये. महाराष्ट्रात मार्च 2023 पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना 2022 पासून प्रवास मोफत आहे. एसटी गावाच्या चौकात येते. रेल्वे स्टेशन मात्र गावाबाहेर असते. आपल्याकडचीच उदाहरणे घ्या. जत रोड स्टेशनापासून जत कितीतरी दूर आहे, साताऱ्याचे स्टेशन माहुलीला आहे आणि कराडचे ओगलेवाडीला. जो मार्ग 1903 च्या कापसासाठी आखला गेला त्याची वळणे आणि स्थानके आजच्या वस्तीला जुळतीलच असे नाही. अशा मार्गावर शेकडो कोटी घालण्यापेक्षा त्याच रकमेत तालुक्याला भरपूर चांगल्या बस मिळतील. ज्यांना जुन्या गाडीविषयी ममत्व आहे त्यांचा मी आदर करतो, पण सार्वजनिक पैसा ममत्वावर खर्च करता येणार नाही.

माणगंगा

हिशेबी यांचा आक्षेप गंभीर आहे. केवळ पन्नास-साठ किलोमीटरच्या प्रवाशांसाठी विचार केला तर बस स्वस्त पडेल, हे मी मान्य करतो. रेल्वेचा फायदा जड आणि लांब जाणाऱ्या मालात आहे. ऑगस्ट 2020 मध्ये देवळालीहून पहिली किसान रेल सुटली. त्या मालिकेतली शंभरावी गाडी 28 डिसेंबर 2020 रोजी कोठून सुटली? आपल्या सांगोल्याहून, थेट बंगालमधल्या शालीमारपर्यंत. फळे आणि भाजीपाल्याच्या भाड्यात निम्मी सवलत होती हे खरे आहे, आणि सवलतीशिवाय ती वाहतूक कितपत टिकते हा वेगळा प्रश्न आहे. परंतु सांगोला हे बार्शी लाइटवरचे लहानसे स्टेशन होते. तेथून डाळिंब डबा न बदलता दोन हजार किलोमीटर जाऊ शकले, हे नॅरोगेजच्या काळात कोणाच्या स्वप्नातही आले नसते.

अंजनगाव आणि अचलपूरच्या पट्ट्यात संत्री आहेत, कारंजा आणि दारव्ह्याच्या बाजूला कापूस, सोयाबीन आणि तूर आहे. हा माल आजही बाहेर जातोच, पण ट्रकने जातो.

रूळतपासणी

बांधकाम खात्यात काम केले असल्याने प्रत्यक्ष बांधणीविषयी लिहितो. ‘रूपांतर’ हा शब्द लोकांना फसवतो. नॅरोगेजचे ब्रॉडगेज करणे म्हणजे जुने रूळ उचलून नवे टाकणे नव्हे. अडीच फुटांच्या मापाला जी तीव्र वळणे चालतात ती 1676 मिलिमीटरच्या मापाला चालत नाहीत, भराव रुंद करावा लागतो, पूल बहुतेक नवेच बांधावे लागतात. ब्रॉडगेजवरची रखवालदार नसलेली फाटके 2019 च्या आरंभापर्यंत देशभर काढून टाकण्यात आली. म्हणजे शेताच्या प्रत्येक गाडीवाटेला आता भुयारी मार्ग, पूल किंवा वळसा द्यावा लागतो, आणि भुयारी मार्गात पावसाळ्यात पाणी साचते ते आपण सर्वजण पाहतोच. जुन्या मार्गातून खरोखर उरते ती एकच गोष्ट, आणि ती म्हणजे जमिनीची सलग पट्टी.

ही पट्टी मात्र अमूल्य आहे. सांगलीतच पाहा. मिरज–सांगली असा सुमारे पाच मैलांचा मीटरगेज फाटा 1907 साली सुरू झाला होता. पुणे–मिरज मार्ग ब्रॉडगेज होताना मुख्य मार्गच सांगलीकडे वळवला गेला आणि जुन्या फाट्याचे काम संपले. आज शहराच्या मध्यभागी स्टेशन चौक आहे आणि तेथे स्टेशन नाही. आता कोणी कितीही ठरवले तरी त्या जागेतून रूळ जाऊ शकणार नाही. आपल्या बाबतीत तोटा झाला नाही, कारण त्याहून चांगला मार्ग आधीच मिळाला होता. शकुंतलेच्या पट्टीवर घरे आणि रस्ते होण्यापूर्वी निर्णय झाला नाही, तर पुढे सगळी चर्चा कागदावरच राहील.

अग्रणीकाठ

रूळतपासणी यांनी लिहिल्याप्रमाणे कारंजात काही ठिकाणी पट्टीवर पत्र्याची दुकाने आलेली मी पाहिली आहेत.

माणगंगा

बंद पडलेला लहान मार्ग पुन्हा उभा राहिल्याचे एक उदाहरण बंगालात आहे. बांकुडा–दामोदर नदी रेल्वे हा सुमारे 97 किलोमीटरचा नॅरोगेज मार्ग होता, तोही खासगी कंपनीचाच. गाडीची दशा अशी होती की बीडीआर या आद्याक्षरांवरून लोक तिला ‘बडो दुःखेर रेल’ म्हणत. ती 1995 साली बंद झाली. पुढे त्या मार्गाचे ब्रॉडगेज झाले, 2005 पासून टप्प्याटप्प्याने गाड्या सुरू झाल्या आणि मुख्य म्हणजे दुसरे टोक वाढवून मसाग्राम येथे हावडा–बर्धमान कॉर्ड मार्गाला जोडण्यात आले. तेथेही जुनी गाडी परत आली नाही. बोळ फोडून रस्ता झाला. आपल्या खानदेशात पाचोरा–जामनेर या 56 किलोमीटरच्या नॅरोगेजचे रूपांतर करताना तो पुढे बोदवडपर्यंत नेण्याचे जे ठरले आहे, त्यामागेही हेच तत्त्व आहे.

आता नकाशा समोर ठेवून शकुंतलेकडे पाहू. वर्धा–यवतमाळ–नांदेड हा 284 किलोमीटरचा नवा ब्रॉडगेज मार्ग होत आहे आणि त्यातला वर्धा–कळंब तुकडा फेब्रुवारी 2024 मध्ये सुरूही झाला. हा मार्ग यवतमाळहून पुढे दारव्हा, दिग्रस, पुसद असा जातो. म्हणजे यवतमाळ ते दारव्हा या भागाला नवी रेल्वे मिळणारच आहे. तेथे जुन्या मार्गासाठी वेगळा लढा देण्याची गरज उरत नाही. लढा द्यायचा तो दारव्हा–कारंजा–मूर्तिजापूर या तुकड्यासाठी. तो झाला तर नांदेडकडचा माल आणि प्रवासी वर्ध्याचा वळसा न घेता मूर्तिजापूरला मुख्य मार्गावर येतील. दक्षिणेचा फाटा फाटा राहणार नाही.

अचलपूरचे टोक अधिक अवघड आहे. त्याच्या उत्तरेला मेळघाटचे डोंगर आहेत. पूर्वेला चांदूर बाजारवरून नरखेड–अमरावती ब्रॉडगेज जाते. अचलपूर तेथे जोडले गेले तर मूर्तिजापूर ते नरखेड असा एक संत्रापट्टा तयार होऊ शकेल. ही माझी कल्पना आहे, तिच्यावर रूळतपासणी यांनी मत द्यावे.

रूळतपासणी

दारव्हा–मूर्तिजापूर तुकड्याविषयी आपला तर्क मला पूर्ण पटतो. 2016 साली संपूर्ण शकुंतलेच्या रूपांतराला मंजुरी मिळाल्याच्या बातम्या आल्या होत्या, पण एवढा मोठा आकडा एकत्र मागितला की तो मागे पडतो. तुकड्यांत आणि उपयोगाच्या क्रमाने मागणे अधिक बरे. चांदूर बाजारच्या जोडणीसाठी नवीन भूसंपादन लागेल, आणि तेथे जुन्या पट्टीचा फायदा नाही. ते काम दुसऱ्या क्रमांकावर ठेवावे.

वारीकर

वारसा म्हणून चालवण्याचा विचार कोणी मांडला नाही म्हणून विचारतो. नेरळ–माथेरान 2019 च्या पावसात वाहून गेले आणि ऑक्टोबर 2022 मध्ये पुन्हा सुरू झाले. तसे येथे का होऊ नये?

जुना यार्डवाला

माथेरानला मोटारी वर जात नाहीत, म्हणून गाडीला गिऱ्हाईक कायमचे आहे. मूर्तिजापूरच्या उन्हात ती गाडी पर्यटकांसाठी रोज चालवणे कठीण आहे. अचलपूरच्या बाजूला, चिखलदऱ्याला जाणाऱ्यांसाठी दहा-बारा किलोमीटर ठेवता आले तर ठेवावे. परंतु तेवढ्यावर समाधान मानले तर शेतकऱ्याला काही मिळणार नाही.

हिशेबी

दारव्हा–मूर्तिजापूर हा दुवा मार्ग म्हणून मांडला तर माझा आक्षेप बराच सौम्य होतो. माझा विरोध बंद टोकाच्या मार्गाला होता. मात्र प्रवासी कोठून येणार, हे अजूनही कोणी सांगितलेले नाही.

अग्रणीकाठ

याचे उत्तर माझ्या अनुभवातून देतो. कारंजा हे नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान. त्यांनी चातुर्मास केला तो आपल्या औदुंबरला, कृष्णेच्या काठी, आणि पुढे वास्तव्य केले ते नरसोबावाडीला. माझ्या सहा वर्षांत कारंजाच्या गुरुमंदिरात सांगली आणि कोल्हापूरकडची माणसे भेटली नाहीत असा एकही महिना गेला नाही. औदुंबरला भिलवडी स्टेशन जवळ आहे, वाडीला मिरज आणि जयसिंगपूर जवळ. म्हणजे वाटेचे एक टोक रेल्वेवर आहेच. दुसऱ्या टोकाला मूर्तिजापुरात किंवा अकोल्यात उतरून, सामान आणि म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन, पुन्हा बस शोधावी लागते. कारंजाला स्टेशन चालू झाले तर ही माणसे पहिल्या दिवसापासून गाडीत बसतील. ती तीस-चाळीस किलोमीटर जाणारी नाहीत, सहाशे-सातशे किलोमीटरवरून येणारी आहेत.

गुरुप्रतिपदेला मी पुन्हा कारंजाला जात आहे. तेथील काही मित्र मागणीचा मसुदा नव्याने लिहीत आहेत. या चर्चेतले तीन मुद्दे, म्हणजे मालकीची कागदपत्रे, दारव्हा–मूर्तिजापूर तुकडा आधी, आणि ताईंनी सांगितलेले थांबे व वेळा, मी त्यांच्यापुढे ठेवणार आहे. रूळतपासणी, जुन्या पुलांवर क्रमांक कोरलेले असतात. कारंजा ते दारव्ह्याच्या दिशेने चालत जाऊन मी प्रत्येक पुलाचे छायाचित्र काढले आणि पट्टीवर जेथे बांधकाम आले आहे तेथील नोंद केली, तर आपल्याला त्यावरून अंदाज बांधता येईल का? आणि नोंदीत आणखी काय मोजून आणावे?

रूळतपासणी

जरूर आणा. प्रत्येक ठिकाणी रुळाच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना कुंपणापर्यंत किंवा बांधापर्यंत किती पावले मोकळी आहेत ते मोजा, आणि पुलाखाली पुराची खूण भिंतीवर दिसत असेल तर तिची उंची घ्या. पन्नास फुटांची फीत बरोबर असू द्या.